घोडा का अडला?

तीन प्रश्न आणि उत्तर एकच, असे एक जुने कोडे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेले असते. भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला? उत्तर : न फिरवल्यामुळे! शाळेत असताना हे कोडे मी मुलांना दर वर्षी घालत असे. भाकरीचे आणि पानाचे मुलांना लगेच कळायचे. घोड्यापाशी मात्र गाडी अडायची. "बाई, घोडा फिरवायचा म्हणजे फिरायला न्यायचा का?" असे कोणीतरी हमखास विचारायचे.

फिरायला न्यायचा हे उत्तर तसे चूक नाही, पण अपुरे आहे. आपल्या भाषेत 'घोडा फेरणे' असा एक शब्दप्रयोग होता. त्यात घोड्याला चाल शिकवणे, वळायला शिकवणे, माणसाच्या हाताची सवय लावणे हे सगळे आले. 'कावा' म्हटले की आपल्याला डावपेच आठवतात, पण घोड्याला वर्तुळात फिरवणे हाही त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. माणूस मधे उभा, हातात लांब दोरी आणि शिंगरू त्याच्याभोवती गोल फिरते आहे, हे ते चित्र. पाठीवर अजून कोणी बसलेले नाही. ते पुढे, कितीतरी दिवसांनी.

आता या वयात मला घोड्यांचे काय सुचले, असे नातेवाईक मंडळी विचारतीलच, म्हणून आधीच सांगते. आमची अकरा वर्षांची नात उन्हाळ्याच्या सुटीत घोडेस्वारी शिकायला जाऊ लागली. पहिले दोन आठवडे तिला घोड्यावर बसवलेच नाही. खरारा करायचा, खूर साफ करायचे, दोरी धरून घोड्याला मैदानात चालवायचे, थांबवायचे, पुन्हा चालवायचे. तिचे वडील (म्हणजे आमचेच चिरंजीव) वैतागले. "पैसे कसले घेतात मग? मोतद्दारी शिकवायचे?" मला वाटले, ज्या अर्थी शिकवणारा माणूस हे करून घेतो आहे, त्या अर्थी त्यामागे काहीतरी असणार. म्हणून वाचायला घेतले. आणि वाचता वाचता साडेतीन हजार वर्षे मागे गेले. त्या वाचनाचा हा गोषवारा.

सुरुवात घोड्याच्या स्वभावापासून करायला हवी. घोडा हे भक्ष्य असलेले जनावर आहे. वाघ-सिंह-लांडगा यांच्यापासून पळून वाचणे, हेच त्याचे लाखो वर्षांचे शिक्षण. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे थोडे दिसत नाही. कातडी इतकी तल्लख की माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तिला उडवतो. अशा प्राण्याच्या पाठीवर काहीतरी उडी मारून बसले, तर त्याला काय वाटेल? जंगलात पाठीवर उडी मारणारे एकच, ते म्हणजे त्याला खाणारे!

हा प्राणी माणसाजवळ आला तोही फार उशिरा. कुत्रा, शेळी, मेंढी, गाय हे सगळे त्याच्या आधीचे. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात प्राचीन घोड्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजचे सगळे पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या घोड्यांचे वंशज आहेत आणि इसवी सनापूर्वी सुमारे २२०० पासून ते झपाट्याने सगळीकडे पसरले, असे त्यात दिसले. गंमत म्हणजे त्या घोड्यांत दोन गुण निवडले गेल्याच्या खुणा सापडल्या. एक, पाठ बळकट असणे. दुसरा, स्वभाव शांत असणे, लवकर न बुजणे. म्हणजे त्या अनाम माणसांनाही कळलेले होते की नुसती ताकद कामाची नाही, मन ठिकाणावर असलेला घोडा हवा.

लेखी पुरावा येतो तो पुढे सात-आठशे वर्षांनी. तुर्कस्तानात बोगाझकोय नावाच्या गावी हित्ती राज्याची राजधानी हत्तुशा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे उत्खनन झाले आणि मातीच्या हजारो विटा सापडल्या. त्यांत एक ग्रंथ निघाला घोड्यांच्या तालमीचा. लिहिणारा किक्कुली, मितन्नी देशाचा अश्वशिक्षक. काळ साधारण इसवी सनापूर्वीचे चौदावे शतक. रथाच्या घोड्यांची सहा-सात महिन्यांची दिनचर्या त्यात दिवसवार दिली आहे. आज किती अंतर चालवायचे, किती दौडवायचे, पाणी केव्हा, वैरण किती, कोमट पाण्याने कधी धुवायचे, अंगावर घोंगडी कधी घालायची. वाचताना मला आमच्या शाळेचे वार्षिक नियोजन आठवले!

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा ग्रंथ हित्ती भाषेत आहे, पण फेऱ्यांची संख्या सांगताना किक्कुली वेगळेच शब्द वापरतो. ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. म्हणजे एक फेरा, तीन फेरे, पाच, सात. संस्कृत न शिकलेल्या माणसालाही हे शब्द ओळखीचे वाटतील. ज्या मितन्नी राजांनी तहनाम्यात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला बोलावले, त्यांच्याच देशाचा हा माणूस. एवढ्या दूरच्या मुलखात घोड्याच्या तालमीची परिभाषा आपल्या भाषेच्या गोत्रातली असावी, याचे मला फार अप्रूप वाटले.

आणि मराठीची विद्यार्थिनी म्हणून आणखी एक गोष्ट मनात आली. त्या 'वर्तन्न' शब्दातला 'वृत्' हा धातू आपल्याकडे दोन शब्दांत रोज भेटतो. एक 'वर्तुळ', दुसरा 'वर्तन'. गोल फिरणे आणि वागणे, दोन्ही एकाच मुळातून. प्रगतिपुस्तकात 'वर्तन समाधानकारक' असा शेरा मी हजारो वेळा लिहिला असेल, पण त्या शब्दाच्या पोटात घोड्याचा फेरा दडलेला असेल हे कधी डोक्यात आले नव्हते.

किक्कुलीचा भर घोड्याचा दम वाढवण्यावर आहे. कोवळ्या शिंगराला हाताळायचे कसे, हा त्याचा विषय नाही. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचे एक प्रकरण आहे. त्यात घोड्याच्या चालींचे पाच प्रकार दिले आहेत. वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. त्यातले वल्गन म्हणजे गोल फिरणे, तेच आपले कावे! व्यालेल्या घोडीला तीन रात्री तूप द्यावे इथपासून शिंगराचा खुराक सांगितला आहे आणि घोडा कामाला योग्य होतो तो चार-पाच वर्षांचा झाल्यावर, असे म्हटले आहे. चार-पाच वर्षे! आजचे पशुवैद्यक सांगते की घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच वर्षे उलटेपर्यंत चालू असते. आजकाल शर्यतीचे घोडे मात्र दोन वर्षांचे असतानाच पळायला लागतात. कोण जास्त शहाणे, ते वाचकांनीच ठरवावे.

शिंगराच्या मनाचा विचार करून लिहिणारा पहिला माणूस, ज्याचा ग्रंथ आज पूर्ण उपलब्ध आहे, तो म्हणजे ग्रीसचा झेनोफोन. सॉक्रेटिसचा शिष्य आणि पेशाने सैनिक. इसवी सनापूर्वी ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक इराणी साम्राज्याच्या पोटात अडकले, तेव्हा त्यांना परत आणणाऱ्या सेनापतींपैकी हा एक. उतारवयात त्याने घोडेस्वारीवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्याही आधी अथेन्सच्या सायमन नावाच्या जाणत्याने या विषयावर लिहिले होते आणि झेनोफोन त्याचे नाव मोकळेपणाने घेतो.

झेनोफोन काय सांगतो? शिंगरू शिक्षकाकडे पाठवताना, आपण मुलाला कारागिराकडे शिकायला ठेवतो तसे, काय काय शिकवून परत करायचे ते लेखी ठरवून घ्यावे. पण त्याआधी घरी एक काम झालेले असले पाहिजे. शिंगराला माणसाची ओढ लागली पाहिजे. भूक, तहान आणि माश्यांचा त्रास हे एकटे असताना होते, आणि खाणे, पिणे, त्रासातून सुटका ही माणसामुळे मिळते, हे त्याच्या लक्षात यावे. जिथे हात फिरवलेला त्याला आवडतो तिथे हात फिरवावा. मोतद्दाराने त्याला गर्दीतून न्यावे, नाना तऱ्हेच्या वस्तू आणि आवाज यांच्याजवळून न्यावे. ज्याला ते बुजेल, त्याच्यापाशी रागाने नव्हे तर हळूहळू न्यावे आणि त्यात भिण्यासारखे काही नाही हे दाखवावे. शक्यतो त्या वस्तूला आधी आपण स्वतः हात लावावा.

मग तो एक मुद्दा मांडतो, त्यासाठी मी त्याला दंडवत घातला. बुजलेल्या घोड्याला जे मारतात ते त्याची भीती वाढवतात, असे तो म्हणतो. कारण त्या क्षणी दुखले की घोड्याला वाटते, आपण ज्याला घाबरलो त्यानेच हे दुखणे दिले. किती साधी गोष्ट! गणिताला घाबरणाऱ्या मुलाला गणिताच्या तासाला छडी मिळाली, तर छडी आणि गणित यांची गाठ त्याच्या मनात कायमची बसते. मानसशास्त्राला हे प्रयोगशाळेत दाखवायला विसावे शतक उजाडावे लागले. हा सैनिक ते तबेल्यात उभा राहून तेवीस-चोवीस शतकांपूर्वी सांगून गेला. जबरदस्तीने करवून घेतलेल्या कामात समज नसते आणि सौंदर्यही नसते, चाबूक मारून नाचवलेल्या नर्तकासारखे ते असते, हेही त्याचेच म्हणणे.

तो साधुसंत होता असे मात्र नाही. हुकूम मोडणाऱ्या घोड्याला शिक्षा करावी, असेही तो लिहितो. पण रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, हा नियम तो सर्वांत वर ठेवतो.

आता प्रश्न असा, की इतके सगळे लिहून ठेवलेले असताना पुढच्या लोकांनी ते वापरले का? इथे इतिहास जरा उदास करणारा आहे. १५५० मध्ये नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोने याने घोड्यांच्या शिक्षणावर ग्रंथ छापला. युरोपभर त्याची भाषांतरे झाली. त्याच्या पुस्तकात घोड्याला कुरवाळण्याविषयीही लिहिले आहे, नाही असे नाही. पण अडेल घोड्यावरचे उपाय वाचून अंगावर काटा येतो. पुढे न जाणाऱ्या घोड्याच्या मागे पेटता पेंढा धरायचा, काठीच्या टोकाला जिवंत मांजर बांधून ते मागच्या पायांत घालायचे, शेपटीखाली साळूसारखा काटेरी प्राणी बांधायचा. आणि हे सरदार-दरकदारांसाठी लिहिलेले प्रतिष्ठित पुस्तक!

त्याच नेपल्सच्या परंपरेत शिकून आलेला एक फ्रेंच माणूस वेगळा निघाला. त्याचे नाव आंत्वान द प्ल्युव्हिनेल. त्याने पॅरिसमध्ये १५९४ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी विद्यालय काढले आणि पुढे लहानग्या तेराव्या लुईला घोड्यावर बसायला शिकवले. राजाशी झालेला संवाद अशा रूपात लिहिलेले त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६२३ मध्ये, बाहेर आले. मार कमी आणि शाबासकी भरपूर, हा त्याचा मार्ग. नव्या घोड्याला तो आधी स्वाराशिवाय, एका खांबाभोवती दोरीवर फिरवायचा. (पुन्हा वर्तुळ!) कोवळ्या घोड्याचा डौल हा फुलाच्या सुवासासारखा असतो, एकदा गेला की परत येत नाही, अशा आशयाचे एक वचन त्याच्या नावावर सांगतात. लहान मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते भिंतीवर लावावे असे आहे.

हा धागा पुढे व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलपर्यंत जातो. तिथली १७३५ साली पूर्ण झालेली शुभ्र, झुंबरांची शाळा अनेकांनी चित्रांत पाहिली असेल. तिथे घोडे साधारण चार वर्षांचे झाल्यावर शिक्षण सुरू होते, तेही आधी लांब दोरीवर, वर्तुळात. पुरा तयार घोडा व्हायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे आपली पहिली ते सातवी!

पण हे झाले राजवाड्यातले. बाहेर, सैन्यात, बाजारात, शेतावर घोडा 'मोडला' जायचा. इंग्रजीतही या कामाला मोडणे असेच म्हणतात, आणि आपल्याकडे घोडा तयार करणाऱ्याचे नाव चाबूकस्वार! नावातच चाबूक. शब्द असे आपल्या नकळत चुगली करतात.

एकोणिसाव्या शतकात या सगळ्याला एक नाट्यमय वळण मिळाले. अमेरिकेतल्या ओहायोचा जॉन रेरी नावाचा तिशीतला तरुण इंग्लंडमध्ये आला आणि जानेवारी १८५८ मध्ये विंडसरला राणी व्हिक्टोरियासमोर त्याने अनावर घोडे शांत करून दाखवले. त्याच वर्षी त्याच्यापुढे क्रूझर नावाचा घोडा आला. शर्यतीच्या उत्तम कुळातला, पण इतका हिंस्र की तोंडावर लोखंडी जाळी अडकवून त्याला कोंडून ठेवले होते. रेरीने काही तासांत त्याला हात लावू देण्याजोगा केला. लोक थक्क झाले. पुढे तो क्रूझरला अमेरिकेत घेऊन गेला. १८६६ मध्ये रेरी गेला, त्याच्यामागे घोडा काही वर्षे जगला.

रेरीची रीत अशी : घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने दुमडून बांधायचा. तीन पायांवर तो लवकर थकतो आणि शेवटी खाली बसतो, आडवा होतो. मग त्याच्या अंगावरून हात फिरवायचा, प्रेमाने बोलायचे, पण जराही दुखवायचे नाही. चाबूक आणि काटेरी लगामाच्या त्या जमान्यात ही मोठीच करुणा होती. आजचे अभ्यासक मात्र विचारतात, की तो घोडा शिकला की हरला? पळण्यावर जगणाऱ्या प्राण्याचे पळणेच काढून घेतले, तर तो शांत होईलच. पण ती शांतता विश्वासाची असेलच असे नाही. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता असली की मुख्याध्यापक खूश होतात. ती आवडीची शांतता आहे की दहशतीची, हे मुलांच्या डोळ्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही.

आणि आता माझ्या सर्वांत आवडीची गोष्ट. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. (निवृत्त शिक्षक म्हटल्यावर मी सावरून बसले!) त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला वर्षानुवर्षे फळ्यासमोर उभे करून गणित शिकवले. बेरीज, वजाबाकी, अपूर्णांकसुद्धा. हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा आणि ते बरोबर असायचे. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. लबाडी काही सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने बारकाईने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे झुकतो. बरोबर आकड्याला त्याचा ताण सुटतो आणि डोके केसभर वर होते. हान्स ते पाहून थांबतो. फुंग्स्टला स्वतःलाही ही हालचाल पूर्णपणे आवरता येईना!

लोक म्हणाले, फसला मास्तर, घोड्याला गणित येतच नव्हते. फॉन ओस्टेन १९०९ मध्ये खट्टू मनानेच गेले असे म्हणतात. मला मात्र वाटते, त्या घोड्याने गणितापेक्षा अवघड गोष्ट करून दाखवली. समोरच्या माणसाला स्वतःलाही जे कळत नव्हते, ते त्याला दिसत होते. घोडा माणसाचे शरीर वाचतो. तुमचा खांदा कुठे वळला, श्वास कधी रोखला, हात कधी सैल पडला, सगळे त्याच्या वहीत नोंदले जाते.

जमिनीवरच्या तालमीचे रहस्य हेच. माणूस पाठीवर बसला की घोड्याला तो नीट दिसत नाही, फक्त वजन जाणवते. जमिनीवर असताना मात्र तो डोळ्यासमोर असतो, वाचता येतो. म्हणून आधी मोहरकी आणि बागडोर. दोरीवर हलकासा ताण द्यायचा आणि थांबायचे. ओढायचे नाही, झटका द्यायचा नाही. शिंगरू मान ताठ करील, मागे सरेल, वाट पाहायची. ज्या क्षणी ते अर्धे पाऊल ताणाच्या दिशेने टाकेल, त्याच क्षणी दोरी सैल सोडायची. बस्स. ताणाने ते काही शिकत नाही, ताण सुटण्याने शिकते. 'आत्ता जे केले ते बरोबर' हे सांगायला माणसापाशी तेवढाच एक शब्द असतो. तो शब्द दोन क्षण उशिरा उच्चारला तर त्याचा अर्थ बदलतो. मान झटकली तेव्हा दोरी सुटली, तर ते मान झटकायलाच शिकते.

मग मागे सरणे, बाजूला होणे, वर्तुळात फिरणे, थांबणे. मग अंगावरून कापड फिरवणे, दुसऱ्या दिवशी मोठे कापड. मग खोगीर नुसते दाखवणे, हुंगू देणे, ठेवणे, काढणे. मग कुठे माणूस. विसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुराख्यांत टॉम डोरन्स (१९१०–२००३) आणि त्यांचे शिष्य रे हंट (१९२९–२००९) यांनी ही रीत पुन्हा रुजवली. डोरन्स यांचे पुस्तक १९८७ चे. चुकीची गोष्ट घोड्याला गैरसोयीची वाटावी आणि बरोबर गोष्ट सोपी, अशी मांडणी करायची आणि उत्तर त्याचे त्याला सापडू द्यायचे, हे त्यांचे सार. १९८९ मध्ये माँटी रॉबर्ट्स या अमेरिकी माणसाने त्याच विंडसरला राणी एलिझाबेथसमोर गोल रिंगणात कोरे घोडे अर्ध्या तासाच्या आसपास स्वारीला तयार करून दाखवले. एकशे एकतीस वर्षांनी तोच गाव आणि तेच कुतूहल! त्या रीतीवरही टीका झाली, की रिंगणात घोड्याला पळवत राहणे हाही एक दाबच आहे. मला वाटते, काही मिनिटांचे प्रयोग बघायला छान; पण घोडा पक्का होतो तो आठवड्यांनी आणि महिन्यांनी.

हे सगळे परदेशातले वाचत असताना मला राहून राहून आमच्या गावचे तात्या आठवत होते. साठ-बासष्ट सालची गोष्ट असेल. भीमेकाठचे गाव, स्टेशनपासून दीड-दोन मैल, आणि तांगे सात-आठ. तात्या नवी घोडी आणली की महिनाभर तिला तांग्याला जुंपत नसत. दोन लांब दोऱ्या तिच्या अंगावरून मागे घ्यायचे आणि स्वतः मागून पायी चालायचे. बाजारातून, पिठाच्या गिरणीसमोरून, बँड वाजत असेल तर मुद्दाम तिकडून. घोडी बुजली की उभे राहायचे. बिडी पेटवायचे! बिडी संपेपर्यंत घोडीची मान खाली आलेली असायची. मग नुसते चुचकारून पुढे. नंतर बाभळीचा ओंडका ओढायला लावायचे, नंतर रिकामा तांगा. लोक हसायचे. "तात्या घोडीला फिरवतोय की घोडी तात्याला?" दुसरे एक तांगेवाले घोडा आणला की चौथ्या दिवशी जुंपत. चाबूक होताच. त्यांचे भाडे महिनाभर आधी सुरू व्हायचे, हे खरे. पण एस्टीच्या हॉर्नला त्यांचे जनावर दांड्यांसकट उधळायचे, आणि बाळंतिणीला न्यायचे असले की माझी आई निरोप पाठवायची तो तात्यांनाच.

तात्यांनी झेनोफोन वाचला नव्हता, हे सांगायला नको. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. मला वाटते, हे ज्ञान पुन्हा पुन्हा विसरले जाते त्याचे एक कारण इथेच आहे. ते ज्यांच्या हातात होते ते मोतद्दार, तांगेवाले, गुराखी होते. ज्यांनी ग्रंथ लिहिले ते बहुधा पाठीवर बसणारे. बसणाऱ्याला घोडा तयार मिळतो. तो तयार होताना कोणी किती बिड्या ओढल्या, याची नोंद बखरीत होत नाही.

दुसरे कारण जास्त अवघड आहे. मारून शिकवलेला आणि धीराने शिकवलेला, दोन्ही घोडे पहिल्या महिन्यात सारखेच दिसतात. किंबहुना मारलेला जास्त आज्ञाधारक दिसतो. फरक कळतो तो अनोळखी वेळी, हॉर्न वाजतो तेव्हा. भ्यालेला घोडा तेव्हा चाबकापेक्षा मोठ्या भीतीकडे बघून पळतो. विश्वास शिकलेला घोडा एक कान मागे वळवून माणसाला विचारतो, आता काय करायचे? हा फरक चौथ्या दिवशी मोजता येत नाही, म्हणून घाईच्या माणसाला तो खराच वाटत नाही. शिकवण्याच्या धंद्यात मी पस्तीस वर्षे काढली. चौथ्या दिवशी निकाल मागणारे पालक, अधिकारी, संस्थाचालक पुष्कळ पाहिले. आज तर अडीच वर्षांच्या मुलाला मुलाखतीला बसवतात. शिंगराची हाडे भरायला पाच वर्षे लागतात हे ज्याला पटते, त्याला मुलाचे का पटू नये?

किक्कुलीच्या विटा मातीच्या होत्या, म्हणून टिकल्या. झेनोफोनची पोथी नकलून ठेवणारे भेटले, म्हणून ती टिकली. बाकीचे सगळे हातातून हातात आले, मधे तुटले, कोणीतरी पुन्हा नव्याने शोधले. तसे ते पुढेही तुटेल आणि पुन्हा सापडेल. कारण माणसाची घाई जुनी असली तरी शिंगरू दर वेळी नवेच जन्माला येते, आणि दोरी सैल केल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकत नाही.